धाकटे तात्या कुठे गेले? १९४० साली पलटणीत भरती झालेल्या चुलत आजोबांचा शोध

ओसरी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस हा धागा काढायचा म्हणत होते. माझ्या आजोबांना एक धाकटे भाऊ होते, घरात त्यांना सगळे धाकटे तात्या म्हणत. ते पलटणीत गेले आणि परत आले नाहीत. आमच्याकडे त्यांच्याबद्दल एवढंच एक वाक्य पिढ्यान् पिढ्या चालत आलंय: "धाकटे तात्या बसऱ्याच्या लढाईत गेले."

फोटो नाही. पत्र नाही. वंशावळीच्या कागदावर आजोबांच्या शेजारी त्यांचं नाव आणि पुढे एक आडवी रेघ. त्यांचं लग्न झालं नव्हतं, त्यामुळे त्यांच्यासाठी विचारणारं पुढे कुणी उरलं नाही. दरवर्षी सर्वपित्री अमावास्येला त्यांचं पान वाढलं जातं, कारण तिथी कुणालाच माहीत नाही.

त्यांना डोळ्यांनी पाहिलेलं आता एकच माणूस आहे, माझी मोठी आत्या. वय ९१. गेल्या महिन्यात मी तिच्याकडे चार दिवस राहिले आणि रोज दुपारी तिच्या शेजारी वही घेऊन बसले. तिला आठवतं ते असं: भरती झाल्यावर तात्या एकदाच रजेवर आले. ती सहा-सात वर्षांची होती. पायरीच्या दगडावर बुटांच्या खिळ्यांचा आवाज आला आणि ती घाबरून आत पळाली, कारण तोवर आमच्या घरात कुणी बूट घालून आलंच नव्हतं. त्यांनी ओटीवर बूट काढून ठेवले आणि तिने गुपचूप एका बुटात आपले दोन्ही पाय घातले. "दोन्ही पाय मावले गं एकाच बुटात. तात्याने बघितलं नि हसला." मग ते गेले.

गाव आमचं महाड तालुक्यात, आताचा रायगड जिल्हा. मी सातबारा काढून पाहिला, तर त्यावर फक्त आजोबांचं नाव, धाकट्या तात्यांचं नावच नाही. माणूस होता याचा एक तरी कागद असेल ना? सुरुवात कुठून करू?

मोडीवाचक

ताई, चांगलं काम हातात घेतलंत. पहिला कागद शाळेचा. गावात जुनी मराठी शाळा असेल तर तिचं जनरल रजिस्टर अजून कपाटात असतं. नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख, दाखल झाल्याची तारीख, शाळा सोडल्याची तारीख आणि कारण, एवढं एका ओळीत मिळतं. जन्मतारीख १ जून दिसली तर तिच्यावर फार विसंबू नका. गुरुजी वर्ष अंदाजाने धरायचे आणि तारीख सरसकट १ जून लावायचे.

खरा जन्म हवा असेल तर गाव नमुना १४, म्हणजे जुनं कोतवाल बुक. तहसीलच्या अभिलेख कक्षात मिळतं. एक लक्षात ठेवा, त्यात बाळाचं नाव नसतं. नोंद बापाच्या नावाने असते आणि पुढे 'मुलगा' किंवा 'मुलगी'. बारसं व्हायच्या आधीच कोतवाल नोंद देऊन मोकळा झालेला असतो. तेव्हा पणजोबांच्या नावाखालचे सगळे 'मुलगा' काढा आणि आजोबांच्या वयाशी ताडून बघा. १९२०च्या आसपासचं लिखाण मोडीत असण्याची शक्यता आहे. पानाचा फोटो टाका, मी वाचून देईन.

निवृत्त तलाठी

सातबाऱ्यावर नाव नाही याचा अर्थ हक्क नव्हता असा होत नाही. आजोबांच्या नावापुढे 'ए.कु.मॅ.' अशी अक्षरं आहेत का पाहा. एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं नाव लागायचं आणि बाकीचे भाऊ त्या तीन अक्षरांच्या आत असायचे. कोकणात अर्ध्या घरांतले धाकटे भाऊ असेच कागदावरून दिसेनासे झालेत.

तुम्हाला पाहिजे तो कागद फेरफार, गाव नमुना ६. सातबाऱ्यावर वर्तुळात जे आकडे असतात ते फेरफार क्रमांक. त्यातला सर्वांत जुना घ्या आणि तिथून पुढे एकेक वाचत या. भाऊ मयत झाला किंवा परागंदा झाला, तर कधी तरी कुणी तरी वर्दी दिलेली असते. 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर बऱ्याच ठिकाणचे जुने फेरफार आता घरबसल्या बघता येतात. नाही मिळाले तर तहसीलला नकलेचा अर्ज.

ओसरी

आत्ताच बघितलं. आहे! 'ए.कु.मॅ.' आहे. इतकी वर्षं तो उतारा घरात होता आणि मला ती अक्षरं म्हणजे आजोबांची कसली तरी पदवी वाटायची.

फौजी घर

आमच्या घरात तीन पिढ्या फौजेत आहेत, म्हणून लिहितो. 'बसऱ्याची लढाई' हा शब्द शब्दशः घेऊ नका. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी मेसोपोटेमियात, म्हणजे बसरा जिथे आहे त्या आताच्या इराकमध्ये होत्या. १०३, ११० आणि ११७ मराठा या तिन्ही पलटणी कुतच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ला तिथल्या फौजेने शरणागती पत्करली. इतकी माणसं गेली की पुढे आमच्या गावात समुद्रापलीकडच्या कुठल्याही लढाईला बसराच म्हणत. साताऱ्याजवळच्या अपशिंगे मिलिटरीत पहिल्या महायुद्धात पडलेल्या ४६ जवानांचं स्मारक आहे. ज्या गावांनी असं काही सोसलं, त्यांच्या तोंडी तोच शब्द बसून राहिला. तुमचे तात्या १९४०चे, म्हणजे दुसरं महायुद्ध. ते आफ्रिकेत असतील, इटलीत असतील, ब्रह्मदेशात किंवा मलायात असतील.

कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनचं संकेतस्थळ आहे, त्यावर शोध फुकट आहे. ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळात नोकरीत असताना मृत्यू पावलेल्यांच्या नोंदी तिथे आहेत. शिपायाच्या नावापुढे पुष्कळदा वडिलांचं नाव आणि गावही असतं. शोधताना दोन गोष्टी. जिल्हा 'रायगड' टाकू नका. १९८१पर्यंत तो कुलाबा होता. आणि नावाचं स्पेलिंग गोऱ्या कारकुनाने कानाला आलं तसं लिहिलंय असं समजून पाच-सहा तऱ्हांनी टाकून बघा.

तात्यांचा पलटणीतला नंबर मिळाला तर सोन्याहून पिवळं. मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावला आहे. तिथल्या रेकॉर्ड ऑफिसला नंबर, नाव, गाव घालून पत्र लिहा. नंबराशिवाय त्यांना शोधणं अवघड जातं, एकाच नावाची पन्नास माणसं निघतात.

धक्क्यावरून

वाचतोय. माझ्या आजोबांचे मामा 'रामदास' बोटीत गेले, १७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला जाणारी बोट, सहाशेहून जास्त माणसं बुडाली. आमच्या घरी त्यांचा सदरा आणि तिथी आहे, कागद एकही नाही. तुमचा धागा बघून आज मीही आईला पहिल्यांदा नीट विचारलं. ती म्हणाली, ते त्या दिवशी जाणारच नव्हते. एवढंच बोलली आणि उठून आत गेली. पुढचं तिला सुचेल तेव्हा विचारेन.

ओसरी

उशीर झाला त्याबद्दल माफी, मध्ये गावी जाऊन आले. काय काय मिळालं ते सांगते.

शाळा. रजिस्टर आहे! मुख्याध्यापक बाईंनी स्वतः कपाटातून काढून दिलं. पुठ्ठा सुटलाय, कडा वाळवीने खाल्ल्यात, पण आतली शाई काळीभोर आहे. धाकट्या तात्यांची ओळ सापडली तेव्हा मला काही क्षण पुढचं दिसेना. जन्मतारीख १ जून १९२०, मोडीवाचक म्हणाले तसंच. चौथीत शाळा सुटली. कारणाच्या रकान्यात दोन शब्द: 'गुरांमागे जातो'. कुण्या गुरुजींनी असं लिहिलं असेल! इतर मुलांपुढे 'गैरहजर' आहे. यांच्याच पुढे ते कुठे जातात ते लिहिलंय.

कोतवाल बुकात पणजोबांच्या नावाखाली मार्च १९२१चा एक 'मुलगा' आहे. आजोबा १९०८चे, मधल्या दोन आत्याआजी, म्हणजे हा मुलगा तेच. मोडीवाचक, तुम्ही रात्री अकरा वाजता पान वाचून दिलंत, फार उपकार झाले.

आता फेरफार. १९५१चा आहे. मजकूर थोडक्यात असा: कब्जेदाराचे धाकटे भाऊ सरकारी पलटणीत नोकरीस होते, सात वर्षांहून जास्त काळ त्यांचा ठावठिकाणा नाही, त्यांना वारस नाही, सबब थोरल्या भावाचं नाव कायम. खाली आजोबांचा अंगठा. आजोबा सही करायचे, मी त्यांची सही पाहिलीय. त्या दिवशी अंगठा का दिला असेल?

एक गोष्ट राहिली. आत्याला पुन्हा फोन केला होता. पणजी रडताना नेमकं काय म्हणायची, असं विचारलं. ती म्हणाली, "आजी म्हणायची, माझा पोर तोबऱ्यात गेला, तोबऱ्यात सापडला." आम्ही लहानपणापासून हे ऐकलंय. घोड्याच्या तोंडाला दाण्याचा तोबरा बांधतात, तसं काळाच्या तोंडात गेला, असा अर्थ बाबा सांगायचे. म्हणून मी पहिल्या पोस्टमध्ये ते लिहिलंही नव्हतं.

निवृत्त तलाठी

सात वर्षांचं कारण तेव्हाच्या पुरावा कायद्यातलं आहे. १८७२च्या कायद्याचं कलम १०८. सात वर्षं ज्याची खबर नाही तो हयात आहे असं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं. म्हणजे १९५१ला घरच्यांकडे मृत्यूचा दाखला नव्हता, एवढं नक्की. आणि अंगठ्याबद्दल: मी नोकरीत असताना अशा वर्द्या घेतल्यात. सही येणारा माणूसही कधी कधी म्हणतो, साहेब, अंगठाच घ्या. हात चालत नाही त्याचा.

फौजी घर

ओसरीताई, तोबरा नव्हे हो. तोब्रुक!

लिबियातलं बंदर. २१ जून १९४२ला ते जर्मन सेनापती रोमेलच्या हाती पडलं आणि सुमारे ३३,००० सैनिक कैद झाले. त्यात ११वी भारतीय ब्रिगेड होती आणि त्या ब्रिगेडमध्ये २/५ मराठा, म्हणजे पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीची दुसरी पलटण होती. पणजीबाईंनी कुणाच्या तरी तोंडून 'तोब्रुकात सापडला' हेच ऐकलं असणार. 'सापडला' म्हणजे कैदेत सापडला. त्यांच्या कानाला ओळखीचा शब्द तोबरा, तो त्यांनी धरला.

ओसरी

अंगावर काटा आला. ऑफिसात बसलेय, डोळे पुसायलाही जागा नाही. ऐंशी वर्षं पणजी, आजी, आत्या खरं तेच सांगत होत्या. आम्ही शिकलेल्यांनी त्या शब्दाचा अलंकार करून टाकला.

ज्यांच्या घरी अजून कुणी वयस्कर माणूस आहे त्यांना हात जोडून सांगते, ते जे बोलतात ते त्यांच्याच उच्चारात लिहून ठेवा. शब्द वेडावाकडा वाटला तरी सुधारू नका. मी पहिल्या दिवशी तो वहीत सुद्धा घेतला नव्हता.

नकलनवीस

थोडं थांबून पुढे जावं असं सुचवते. तोब्रुकची शक्यता दाट आहे हे मान्य, पण शब्दसाम्यावर अख्खं आयुष्य उभं करू नये. माझ्या चुलत पणजोबांच्या बाबतीत मी असंच केलं होतं. नाव जुळलं, तालुका जुळला, आणि दोन वर्षं मी दुसऱ्याच कुणाच्या पूर्वजाला आमच्या घरात आणून बसवलं. चूक कळली तेव्हा वंशावळ छापून नातेवाइकांत वाटून झाली होती. निदान तीन गोष्टी स्वतंत्रपणे जुळल्या पाहिजेत: वडिलांचं नाव, गाव आणि नंबर. नंबर कुठून मिळेल? पलटणीतून घरी पैसे यायचे ते मनिऑर्डरने. तिच्या कुपनावर पाठवणाऱ्याचा नंबर असायचा. असली कुपनं बायका जपून ठेवत. घरात नसतील तर लेकींच्या सासरी बघा. ट्रंका मुलींबरोबर जातात.

ओसरी

नकलनवीस, पटलं. दोन आत्याआजी होत्या, त्यातल्या धाकटीचं सासर पोलादपूरकडचं. तिचा नातू मुंबईला असतो. त्याला आजच फोन करते. आमचं बोलणं गेल्या वीस वर्षांत फक्त लग्नाकार्यात झालंय.

सावित्रीकाठ

मी महाडचीच. तुमच्या भागातल्या भरतीच्या आठवणी माझे सासरे सांगायचे. भरतीवाला आला की पोरांना ओळीत उभं करून छाती मोजायचा, आणि आया मारुतीच्या देवळामागून बघत उभ्या राहायच्या. बोलायचं कुणी नाही. पाऊस संपल्यावर घरात खाणारी तोंडं जास्त आणि भात कमी, हे सगळ्यांना ठाऊक होतं. 'गुरांमागे जातो' वाचून मला तेच आठवलं.

ओसरी

मिळालं. एक नाही, दोन कागद मिळाले.

पोलादपूरकडच्या आत्याआजीची पत्र्याची पेटी तिच्या नातवाकडे माळ्यावर होती. त्याने काल रात्री उघडली आणि मला व्हिडिओ कॉलवर दाखवली. तळाशी पिवळ्या रुमालात गुंडाळलेली मनिऑर्डरची चार कुपनं. बेळगावचा शिक्का आणि धाकट्या तात्यांचा नंबर. तो मी इथे लिहीत नाही, पण चारही कुपनांवर एकच आहे. शेवटचं कुपन मे १९४२चं.

दुसरा कागद म्हणजे एक कार्ड. पोस्टकार्डाहून लहान, छापील, परकी अक्षरं. एका कोपऱ्यात 'पी. जी. ९१'. मध्ये हाताने लिहिलेली एकच ओळ, रोमन लिपीत पण भाषा हिंदुस्तानी: मैं राज़ी खुशी हूँ. खाली नाव.

आत्याला विचारलं, असं कार्ड आलेलं आठवतं का. ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मास्तरांकडे वाचायला नेलं होतं. मास्तर म्हणाले, खुशाल आहे. आजीने सगळ्या आळीत गूळ वाटला." त्याच्यानंतर काही आलं नाही. ते कार्ड पणजीने मरताना लेकीच्या हातात दिलं.

फौजी घर

'पी. जी.' म्हणजे इटालियनमध्ये युद्धकैदी, 'प्रिजोनिएरी दी ग्वेर्रा'. ९१ नंबरचा कँप आवेत्सानोला होता, रोमच्या पूर्वेला अब्रुत्सोच्या डोंगरात. तिथे मुख्यतः हिंदी कैदी ठेवलेले होते. रोमन लिपीचंही बरोबर आहे. फौजेत तेव्हा रोमन उर्दूच शिकवत.

पुढचं असं. ८ सप्टेंबर १९४३ला इटलीची शरणागती जाहीर झाली आणि कँपांवरचे पहारे ढिले पडले. जर्मन येऊन ताबा घेईपर्यंत ज्यांना जमलं ते डोंगरात निसटले. तिथल्या शेतकऱ्यांनी त्यांना गोठ्यांत, गवताच्या गंजीत लपवलं, आपल्यातली भाकर दिली. पुष्कळ जण डोंगर ओलांडून दक्षिणेला दोस्तांच्या आघाडीकडे चालत निघाले. जे मागे राहिले त्यांना जर्मनांनी उत्तरेकडे हलवलं. बऱ्याच हिंदी कैद्यांना पुढे फ्रान्समध्ये एपिनालला आणलं होतं. ११ मे १९४४ला त्या कँपवर बाँब पडले, भिंती फुटल्या आणि सुमारे पाचशे हिंदी जवान चालत स्वित्झर्लंडला पोचले. तेव्हा दोन्ही वाटा मोकळ्या ठेवा. आता नंबर आहे, कमिशनच्या शोधात नाव न टाकता फक्त नंबर टाका.

ओसरी

नंबर टाकला. एक नोंद आली.

नाव आमचं, पण एक अक्षर चुकलेलं. त्या स्पेलिंगने मी जन्मात शोधलं नसतं. हुद्दा शिपाई. पाचवी मराठा लाइट इन्फंट्री. वडिलांचं नाव पणजोबांचं. गावाचं नाव मोडलेलं, पण मोठ्याने वाचलं की आमचंच. महाड, कुलाबा. तारीख १९ डिसेंबर १९४३. ठिकाण: सांग्रो रिव्हर क्रिमेशन मेमोरियल, इटली.

वय तेवीस लिहिलंय. १ जून १९२० धरूनच पलटणीनेही हिशेब केला असणार. कोतवाल बुकाप्रमाणे बाविसावं सरून तेविसावं चालू होतं.

नकलनवीस, तिन्ही जुळलं.

नकलनवीस

जुळलं, ताई. आता निर्धास्तपणे वंशावळीत लिहा.

फौजी घर

त्या तारखेचा आणि जागेचा अर्थ सांगतो. नोव्हेंबर-डिसेंबर १९४३मध्ये आघाडी सांग्रो नदीच्या आसपास होती. ती नदी ओलांडून पुढे सरकणाऱ्यांत ८वी भारतीय डिव्हिजन होती आणि त्या डिव्हिजनमध्ये १/५ मराठा. तुमचे तात्या डोंगरातून आघाडीकडे चालत निघाले असतील, तर समोर त्यांच्याच मुलखातली पलटण उभी होती. मराठी बोलणारी.

सांग्रोच्या वॉर सिमेट्रीत अडीच हजारांहून जास्त कबरी आहेत. दोस्तांच्या आघाडीपर्यंत पोचायच्या प्रयत्नात मेलेले फरारी कैदीही तिथेच आहेत. पण ताई, तुमची नोंद कबरीची नाही. ती क्रिमेशन मेमोरियलची आहे. इटलीत अशी तीनच स्मारकं आहेत: सांग्रो, फोर्ली आणि रिमिनी. ज्या हिंदी सैनिकांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला गेला त्यांची नावं तिथे आहेत. ज्यांचा ठावठिकाणा लागला नाही त्यांची नावं वेगळ्या स्मारकावर, कासिनोला घालतात.

म्हणजे ते बेवारस पडले नाहीत. कुणी तरी लाकडं गोळा केली.

ओसरी

हे वाचून मी रात्रीच आत्याकडे निघाले. सकाळी पोचले.

पणजी शेवटपर्यंत एकच प्रश्न विचारायची, हे मला आत्याने पूर्वी सांगितलं होतं. तो असा, "अग्नी कुणी दिला असेल गं त्याला?" पोर गेला हे तिने कधीतरी मनाशी मानलं होतं. पण तेवढं एक तिला सुटत नव्हतं.

आत्याला आधी कार्डाबद्दल सांगितलं, मग कँपबद्दल, मग डोंगराबद्दल. ती ऐकत होती, हातातली वात वळणं चालू होतं. शेवटी मी म्हटलं, "आत्या, त्यांना अग्नी दिला होता. आपल्याच माणसांनी." तिचे हात थांबले. उठली, देवापाशी गेली आणि पणजीच्या फोटोसमोर उभी राहून मोठ्याने, बहिऱ्या माणसाला सांगतात तसं म्हणाली, "आजी, तात्याला अग्नी दिला हो. ऐकलंस का? दिला."

मग मी तिला म्हटलं, आता तारीख मिळालीय, पंचांग बघून तिथी काढू, यंदापासून त्या दिवशी श्राद्ध करू. ती नको म्हणाली. "सर्वपित्रीलाच राहू दे. एकटा गेला होता. सगळ्यांच्या पंगतीत जेवू दे त्याला."

मोडीवाचक

ताई, काय लिहू. माझा नमस्कार सांगा आत्यांना.

धक्क्यावरून

आईला हे सगळं वाचून दाखवलं. आज ती बोलली. तासभर बोलली. मी लिहून घेतलंय, तिच्याच शब्दांत. वेगळा धागा काढेन.

पेस्काराहून

मी इथली जुनी वाचक, कधी लिहीत नाही. नवऱ्याच्या नोकरीमुळे पेस्कारात राहते. तोरिनो दी सांग्रो, जिथे ते स्मारक आहे, ते आमच्यापासून गाडीने तासाभराच्या आत आहे. येत्या रविवारी आम्ही जातोय. ओळ कुठली, पाटी कुठली, ते मला निरोपात पाठवा.

ओसरी

कसे आभार मानू. पाठवते.

पेस्काराहून

जाऊन आलो. टेकडीवर आहे, खाली नदीचं खोरं, वर ऑलिव्हची झाडं आणि एका बाजूला समुद्र दिसतो. गवत नीट कापलेलं. स्मारकावर पाचशेहून जास्त नावं आहेत. तुमच्या तात्यांचं नाव सापडायला वेळ लागला नाही, माझ्या डोळ्यांच्या उंचीवरच आहे. आम्ही निरांजन लावलं, वाऱ्याने दोनदा विझलं, तिसऱ्यांदा मुलाने दोन्ही हातांचा आडोसा धरला. घरून थोडा दहीभात नेला होता, तो ठेवला. तुमच्याकडची माती असती तर बरं झालं असतं. पुढच्या वेळी आधी सांगा, भारतातून येताना घेऊन येईन. अख्ख्या पाटीचा फोटो आणि जवळून एक असे दोन्ही तुम्हाला पाठवलेत.

ओसरी

फोटो मोठा छापून घेतला आणि काल आत्याकडे नेला. तिला इंग्रजी वाचता येत नाही. तिने चष्मा पुसला, मी दाखवलं त्या ओळीवर बोट ठेवलं आणि बोट न उचलता विचारलं, "याच्या वर कुणाचं नाव?" मी वाचलं. "आणि खाली?" तेही वाचलं. मग म्हणाली, पहिल्यापासून वाच. मी पाटीवरचं एकेक नाव वाचत गेले. मराठी आडनाव आलं की ती थांबवायची आणि विचारायची, कुठला हा? फोनवर नोंद उघडून मी गाव सांगायची. कुणी खेडचा, कुणी वाईचा, कुणी चिपळूणचा. पूर्ण पाटी वाचायला पाऊण तास लागला. तिचं बोट तेवढा वेळ तात्यांच्या नावावरच होतं.

चुकलेल्या अक्षराबद्दल कमिशनला शाळेच्या रजिस्टरची प्रत आणि कुपनांचे फोटो जोडून पत्र पाठवलंय. बेळगावलाही नंबर घालून लिहिलंय.

त्या पाटीवर आमच्या तालुक्यातले आणखी दोन जण आहेत, दोघांच्याही वडिलांची नावं नोंदीत आहेत. सावित्रीकाठ ताई आणि मी पुढच्या आठवड्यात त्या दोन्ही गावांत जाऊन येणार आहोत. तुमच्यापैकी कुणाला आपल्या गावाचं नाव त्या पाटीवर आहे का ते बघायचं असेल तर मला निरोप टाका, फोटो पाठवते.